शेळ्यांची देवी आणि आमची धावपळ

जनावरांच्या दवाखान्यातले किस्से भंगारासारखे साठतात; रोज काढले तरी ढीग तेवढाच! मी मुलुंडच्या अशाच एका दवाखान्यात ड्रेसर, म्हणजे मलमपट्टीवाला. पण उपनगरात शेळ्यांची देवी पसरली, त्या महिन्यात हसायलाही उसंत नव्हती यार. अंगभर फोड, ताप, आणि पिल्लं तर पटापट जातात. म्हणून निरोगी शेळ्यांना लस टोचत आम्ही दारोदार फिरत होतो. सगळ्यात जास्त धास्ती गोरेगावच्या बबनदादाची होती. त्याच्या आठ शेळ्या शूटिंगला जायच्या, दहा ठिकाणच्या जनावरांत मिसळायच्या. एक जरी आजारी निघाली तर सगळ्यांचीच वाट लागली!

*

नाहूरला एका मालवणी मावशींच्या शेळीला फोड आले. दाराला कडुलिंब, आणि दारात मावशी आडव्या. “देवी इलीहा. सुई टोचूची नाय!”

आमच्या डॉक्टर राणे मॅडमही मालवणच्याच. “एका शेळीक इली मां? बाकीच्यांक खंय इली? त्यांका टोचूया!”

मावशी विचारात पडल्या, तेवढ्यात मी चार शेळ्या टोचून मोकळा.

निघताना मावशींच्या नवऱ्याने, काकांनी, मला कोपऱ्यात घेतलं. “शेळी बरी झाली म्हणून एकदा हिका सांग मरे! घरात देवी म्हणून पंधरा दिवस आमटीक फोडणी नाय!”

*

अंधेरीच्या गावठाणात आग्नेसबाई म्हणाल्या, “आमच्याकडे पाचच बकऱ्या.”

आतल्या खोलीत कुणीतरी खोकलं.

“आमचे मिस्टर. सर्दी झालीय.”

तेवढ्यात मिस्टर बोंबलांची पिशवी घेऊन गेटातून आत आले!

*

लस एकदा कालवली की लवकर संपवावी लागते. त्या दिवशी अर्धी बाटली उरली, गोरेगाव गाठायचं होतं, आणि हे ट्रॅफिक! माझा नुसता जळफळाट. मांडीवर बर्फाचा डबा बघून रिक्षावाला हॉर्न वाजवत ओरडायला लागला, “हटो, पेशंट सिरियस है!”

सिग्नलवर हवालदार आत डोकावला. “पेशंट कुठाय?”

मी म्हटलं, “गोरेगावला. चरतोय.”

*

तर गोरेगाव. बबनदादाने शेळ्या ओळीत उभ्या केल्या होत्या. मॅडमनी एकेकीचे ओठ, कान, शेपटीखालची जागा तपासली. शेवटी चांदणी, तांबडी, गाभण, दादाची जीव की प्राण. एकदम चकाचक!

“झकास,” मॅडम म्हणाल्या आणि तिच्या तोंडावरून हात फिरवला. ग्लोव्ह तपकिरी झाला.

मी ओल्या कापसाने पुसलं. खाली फोडच फोड!

“मेकअपवाल्याकडून करून घेतलं,” दादा पुटपुटला.

माझं डोकंच फिरलं. “वेडा आहेस का रे? हिला सेटवर नेलं असतंस तर?”

“शूटिंग गेलं खड्ड्यात! सगळे म्हणतात, तुम्ही आजारी बकरी उचलून नेता आणि मारून टाकता.” एवढा दांडगा माणूस, चांदणीच्या गळ्यात पडून ढसाढसा रडायला लागला. ओरडल्याचं मला फार वाईट वाटलं.

मॅडम खाली बसल्या. चांदणीच्या पोटावर बराच वेळ हात ठेवून म्हणाल्या, “पिल्लं हलतायत रे.”

दादाने मान वर केली. त्याचे दोन्ही गाल तपकिरी झाले होते.

“कुणी नेत नाही हिला. वेगळी बांध,” मॅडम म्हणाल्या. “आधी हिचं तोंड धू. मग तुझं.”