सोनाळ्याचा सेंटर फॉरवर्ड

परवा सकाळी आमच्या गावच्या फुटबॉल क्लबातली हल्लीची पोरं घरी आली होती. क्लब मोठा करायचा म्हणे, शील्ड आणायची, तर गोल मारायला माणूस कसा घ्यावा? दोघं नजरेत आहेत. एक अकोल्याचा, त्याच्या पायात चेंडू आला की लोक उठून उभे राहतात. दुसरा वडनेर भोलजीचा. तो नुसता पळतो, धडपडतो, कधी ढोपरानं तर कधी छातीनं गोल करतो, पण त्यात पाहण्यासारखं काही नाही. तुम्ही जुने चिटणीस, तुम्हीच सांगा. माझं डोकंच फिरलं. म्हटलं, पळणारा घ्या, आणि हा प्रश्न घेऊन पुन्हा माझ्या ओसरीवर चढू नका. बायको चहा घेऊन बाहेर येईतो पोरं फाटकापार झाली होती. एवढं खेकसायला काय झालं, असं तिनं विचारलं नाही, कारण काय झालं होतं ते तिला पाठ आहे. मी तिला सगळं कितीदा तरी सांगितलंय, शेवटचं सोडून.

तेव्हा वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि आमचं सगळं वरून, म्हणजे नागपुराहून यायचं. हुकूम नागपुराहून, साहेब नागपुराहून, शाळातपासनीससुद्धा नागपुराहून. त्यामुळे आमच्या खामगावाला एक रोग जडला होता. नागपूरचा माणूस शिंकला तरी आमचे लोक मान डोलवायचे. मी त्या वेळी शाळेत मास्तर होतो, तोही अजून कायम न झालेला. क्लबाचा चिटणीस मला केलं होतं, कारण अक्षर चांगलं आणि चेंडूला लाथ मारायची अक्कल नाही. अध्यक्ष होते शेठजी, एका जिनाचे मालक, म्हणजे कपाशीतून सरकी काढायच्या कारखान्याचे. शाळेच्या कमिटीचे अध्यक्षही तेच. कप्तान बाजारातला एक मुसलमान शिंपी होता, मॅच असली की दुकानाला कुलूप लावणारा. आमच्यात फुटबॉल कळणारा तेवढा एकच माणूस, आणि त्याचं ऐकायचं नाही असं जणू सगळ्यांनी ठरवलेलं होतं.

सोनाळ्याचा गडी त्यानंच शोधला. दिवाळीनंतर जिन सुरू झालं की खेड्यापाड्यांतून माणसं हंगामी कामाला येत, त्यातला हा एक. ठेंगणा, पाय जरा फेंगडे, डोक्यात कायम रुई अडकलेली. दिवसभर पाठीवर कपाशीचे बोजे वाहायचे आणि पाच वाजता मैदानावर हजर. खेळात नजाकत म्हणाल तर शून्य. समोरच्या माणसाला हुलकावणी देणं त्याला कधी जमलं नाही. तो त्या माणसाच्या मागं लागायचा, पुन्हा लागायचा, पुन्हा लागायचा, शेवटी तो माणूसच कंटाळायचा आणि चेंडू सोडून द्यायचा. काळ्या जमिनीच्या भेगांत पाय मुरगळला तरी हा उठून पळायचा. गोल मात्र व्हायचे. कसे झाले ते घरी जाऊन कोणाला वर्णन करून सांगता यायचं नाही, पण व्हायचे.

त्या हिवाळ्यात शेठजींना शील्डचं वेड लागलं. दरवर्षी आम्ही अकोल्याकडून मार खायचो, आता बस्स झालं, असं त्यांनी जाहीर केलं. कायमचा सेंटर फॉरवर्ड म्हणून जो क्लबात येईल त्याला जिनाच्या फाटकावरची बारमाही नोकरी आणि फाटकाला लागून असलेली खोली मिळेल. कप्तानानं लगेच सोनाळ्याच्या गड्याचं नाव पुढं केलं. शेठजींनी नाही म्हटलं नाही. बघू, म्हणाले.

त्या 'बघू'वर सोनाळ्याचा हा भला माणूस घर मांडून बसला. एका संध्याकाळी मला हाताला धरून ती खोली दाखवायला घेऊन गेला. दार बंद होतं, पण खिडकी होती, तिच्यातून त्यानं मला आत पाहायला लावलं. चूल कुठं, मडकं कुठं, सगळं ठरलेलं. जिन पाडव्याला बंद झालं की तो सोनाळ्याला जायचा, घरी आठ-पंधरा दिवस टेकायचा आणि मग लाकूडतोडीला मेळघाटात. तिथून आला की पुन्हा जिन. लग्नाला चार वर्षं झाली होती आणि सलग महिनाभर तो घरी राहिला नव्हता.

"पोरगा मले मामा म्हनते, मास्तर," तो म्हणाला. "माही बायको हासते. मले नाई हासू येत."

मी त्याला म्हटलं, काळजी करू नको, मी आहे ना. हे वाक्य मी म्हटलं होतं, हे इथं लिहून ठेवतो.

मग आमचे वकील मध्ये पडले. ते नागपूरला कायदा शिकलेले, म्हणजे बोलायलाच नको. त्यांनी तिथून एक खेळाडू आणला. पायात बूट, गुडघ्यापर्यंत मोजे, भांग असा की हेडिंग केलं तरी मोडू नये. आमचे सगळे अनवाणी खेळणारे, त्यांत हा. चेंडू पायाच्या पंजावर घेऊन तो उभा राहिला की अर्धा बाजार गोळा व्हायचा. माणूस वाईट नव्हता, उगाच कशाला खोटं बोलू? हसून बोलायचा, मला मास्टरजी म्हणायचा. पण पळायचा नाही. चेंडू त्याच्याकडे चालत आला पाहिजे, असा त्याचा एकूण समज होता.

बैठकीत मी आणि कप्तान घसा कोरडा होईस्तोवर बोललो. वकिलांचं म्हणणं, क्लबाला नाव काढायचं असेल तर माणूस नजरेत भरणारा पाहिजे, जिनातला हमाल पाहायला लोक टांगा करून येतील का? मी म्हटलं, लोक जिंकलेलं पाहायला येतात. ते म्हणाले, मास्तर, तुम्हाला सौंदर्यदृष्टी नाही. असा संताप आला! बरं, मला नसेल. पण नव्वद मिनिटांत दहा मिनिटं खेळणाऱ्यात कसलं आलंय सौंदर्य? शेवटी शेठजींनी तोडगा काढला. अकोल्याशी फायनल आहे, दोघांनाही खेळू द्या, त्यानंतर ठरवू.

आणि आता जे सांगतो ते फक्त आमच्याच मुलखात होऊ शकतं. फायनलच्या दिवशी, दुपारी, शेठजींनी नागपूरच्या पाहुण्याच्या मानासाठी आपल्या मळ्यात रोडग्यांचं जेवण ठेवलं. मॅच चार वाजता! रोडगे म्हणजे जाड्या कणकेचे गोळे, गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, फोडायचे, तुपात बुडवायचे आणि वांग्याच्या झणझणीत भाजीबरोबर हाणायचे. ते खाल्ल्यावर माणसानं आंब्याखाली आडवं व्हायचं असतं, दुसरं काही करायचं नसतं. मी हात जोडून सांगितलं, शेठजी, उद्या ठेवा. तर म्हणाले, पाहुण्याला उपाशी खेळवू? लोक काय म्हणतील? वकील तर स्वतः वाढायला उठले. नागपुरी दोन खाऊन हात आखडायला लागला, पण आमच्याकडे आग्रह म्हणजे अडवणूकच. एकानं हात धरायचा, दुसऱ्यानं ताटात टाकायचा, तिसऱ्यानं वरून तूप सोडायचं. त्याच्या मानासाठी म्हणून आमचे बाकीचे बैलही तेवढेच खात सुटले.

सोनाळ्याचा गडी कुठं होता? आरापाशी. रोडगे भाजण्यात त्याचा हात चांगला, म्हणून त्याला सकाळीच गोवऱ्या रचायला बसवलं होतं. भाजणाऱ्यानं शेवटच्या पंगतीला बसायचं, ही आमची रीत. शेवटची पंगत बसायच्या आतच टांगे आले. कप्तानानं त्याच्या हातावर गुळाचा खडा ठेवला, तेवढंच त्याच्या पोटात गेलं.

मॅचचं काय वर्णन करू? पहिल्या अर्ध्यात आमची माणसं उभ्यानं डुलक्या घेत होती. अकोलेवाल्यांचे गोल झाले नाहीत ते निव्वळ दैव म्हणून आणि कप्तान मागं एकटा झुंजला म्हणून. नागपुरी कमरेवर हात ठेवून उभा. एकदा त्यानं चेंडू टाचेनं डोक्यावरून काढला, शेठजींच्या खुर्चीपासून टाळ्यांचा कडकडाट झाला, आणि नंतर तो बराच वेळ वाकून श्वास घेत राहिला. पळत होता तो सोनाळ्याचा गडी एकटाच. डावीकडे तो, उजवीकडे तो, मागं येऊन चेंडू आणणारा तो. रुईनं भरलेलं ते डोकं साऱ्या मैदानात दिसत होतं, पण त्यासाठी टाळी कोण वाजवणार?

मी आमच्या हल्ल्याच्या बाजूला, अकोल्याच्या गोलच्या बांबूमागं उभा होतो. पाच मिनिटं राहिली असतील. सोनाळ्याच्या गड्यानं चेंडू कोणाकडून तरी ओरबाडून आणला आणि नागपुऱ्यापुढं टाकला. त्यानं खरोखर देखणी किक मारली, मी नाकारत नाही. चेंडू बांबूवर आदळला आणि परत आला. धूळ उडालेली. त्या धुळीत सोनाळ्याचा गडी पोटावर पडला, चेंडू त्याच्या खांद्याला लागला आणि घरंगळत आत गेला. माझ्यापासून चार हातांवर. त्याच्या तोंडात माती गेली होती आणि तो थुंकत हसत होता. शेठजी मैदानाच्या मध्याला, दूर बसलेले. त्यांनी किक पाहिली, मग धूळ पाहिली, मग गोल पाहिला. शील्ड आमची झाली. हार नागपुऱ्याच्या गळ्यात पडला.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैठक. कप्तान उठून म्हणाला, गोल सोनाळ्यावाल्याचा, नोकरी त्याची. वकील म्हणाले, कप्तान, तुम्ही मागं होता, तुम्हाला काय दिसलं? तुम्ही तर आधीपासून त्याचेच. वाद वाढला. मग शेठजींनी हात वर केला आणि माझ्याकडे वळले.

"मास्तर, तुमी तर बांबूमागंच उभे होते. गोल कोनाचा?"

नागपुरी खाली मान घालून बसला होता, त्याला ठाऊक होतं. शेठजींच्या चेहऱ्यावर कोणतं उत्तर पाहिजे ते स्पष्ट दिसत होतं. आणि मला माझी शाळा दिसली. येत्या चैत्रात मास्तर कायम करायचे होते, जागा एक, उमेदवार दोघं, आणि यादीवर सही याच माणसाची. सौंदर्यदृष्टीवरून वकिलाशी तासभर भांडणारा मी, मला एक शब्द बोलायचा होता. मी म्हटलं, "गोल साऱ्यांचाच, शेठजी."

मास्तरांनी मोठी गोष्ट सांगितली, असं म्हणून सगळ्यांनी माना डोलावल्या. नोकरी नागपुऱ्याला. ठराव मीच लिहिला, चांगल्या अक्षरात. त्यानंतर कप्तानानं माझं एकही कापड शिवलं नाही. दुसऱ्या शिंप्याकडे जा, एवढंच म्हणायचा. नागपुऱ्याला पाऊस पडेपर्यंत कंटाळा आला आणि तो आपल्या गावी निघून गेला. खोलीत जिनवाल्यांनी रिकामं बारदान भरलं. मी त्या चैत्रात कायम झालो. घरी बायकोला मी नेहमी हेच सांगत आलो की शेठजींनी आणि वकिलांनी त्या माणसावर अन्याय केला. त्यांनी केलाच. पण मला कोणी विचारलं होतं आणि मी काय सांगितलं, ते मी आजवर तिला सांगितलेलं नाही.

पाडव्याच्या आदल्या दिवशी जिन बंद झालं. सोनाळ्याचा गडी गाठोडं घेऊन शाळेच्या फाटकाशी आला. मी वर्गातून बाहेर आलो, उगाच इकडचं तिकडचं बोलायला लागलो, पुढच्या वर्षी बघू वगैरे. त्यानं ते ऐकून घेतलं.

"मास्तर, एक इचारू? तो गोल माहाच होता ना?"

"तुझाच होता रे," मी म्हणालो. "मी पाहिला ना डोळ्यांनी."

त्याचा चेहरा उजळला. गाठोडं त्यानं खांद्यावर घेतलं, दोन पावलं गेला, थांबला आणि वळला. रागावलेला नव्हता, खरंच विचारत होता.

"मंग तिथं काऊन नाई सांगतलं?"

आत पोरांचा गलका चालला होता. मी म्हटलं, वर्गावर कोणी नाही, जातो. आणि आत गेलो.