खांद्यावरचं बोट

विशेष शिक्षणाच्या पदविकेला असताना आमच्या फाइली लग्नपत्रिकांना लाजवतील अशा असत. मखमली कागदाचं कव्हर, सोनेरी लेस, आत स्केचपेनने आखलेल्या चौकटी. चांदूर बाजारहून सकाळच्या एसटीने अमरावतीला येताना मी ती फाइल मांडीवर घेऊन बसायचे आणि शेजारच्या बाईची पिशवी तिला लागली तरी डोळे वटारायचे. ज्या मुलांबद्दल ती फाइल होती त्यांच्यापेक्षा मी फाइलीला जास्त जपत होते. हे आता म्हणते. तेव्हा कोणी म्हटलं असतं तर भांडले असते.

या अभ्यासक्रमाला मी काही सेवाभावाने वगैरे गेले नव्हते. साध्या डी.एड.ला नोकऱ्या राहिल्या नाहीत, 'स्पेशल'वाल्यांना मात्र लागतात, असं आमच्या गल्लीत कोणीतरी छातीठोकपणे सांगितलं आणि वडील फॉर्म घेऊन आले. पहिल्याच दिवशी सरावाच्या शाळेत एका मुलाने माझी ओढणी तोंडात कोंबली, तेव्हाच परत जायचं ठरवलं होतं. गेले नाही, कारण घरी काय सांगायचं ते सुचेना.

दुसऱ्या वर्षी प्रत्येकीला एक मूल मिळे. वर्षभर त्याच्यासोबत काम करायचं, रोजची नोंद लिहायची आणि शेवटी बाहेरून येणाऱ्या परीक्षकांसमोर ते काय शिकलं ते दाखवायचं. माझ्या वाट्याला बारा वर्षांची एक मुलगी आली. ती बोलत नसे. भिंत धरून चाले. पंख्याकडे बघत तासन्‌तास खूश राही. स्वतःच्या हाताने जेवणं तिला जमत नव्हतं, तेच मला शिकवायचं होतं.

तिची आई बडनेऱ्याहून तिला ऑटोने आणायची. नवरा ट्रकवर, महिन्यातले वीस दिवस बाहेर. बाई पांढरीफटक पडलेली होती. जिना चढली की पायरीवरच बसायची. दिवाळीनंतर एकदा तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "मॅडम, डॉक्टर म्हन्ते गर्भाची पिशवी काढा लागते. मंग तीन महिने काही उचलाचं नाही. अन् हिले तं मले रोजच उचला लागते. मी कशी करू?" अकोल्यात एक निवासी शाळा होती. तिथे तीन महिने मुलीला ठेवून घ्यायला ते तयार होते. आंघोळ, कपडे त्यांच्या मावश्या बघणार होत्या. पण जेवण मुलीने आपलं आपण करायला हवं, आणि तसं आमच्या शाळेचं लेखी पत्र हवं, अशी त्यांची अट होती. म्हणजे त्या बाईचं ऑपरेशन माझ्या शिकवण्यावर अडलेलं होतं. मला हे पक्कं माहीत होतं, म्हणून सांगते आहे.

जेवायला शिकवायची आमची एक पद्धत असते. समोर बसून भरवायचं नाही. मुलाच्या मागे बसायचं आणि त्याचा हात आपल्या हातात धरून ताटातून तोंडापर्यंत न्यायचा, म्हणजे हाताला वाट कळते. मग मदत हळूहळू मागे घ्यायची. आधी हात धरायचा, मग नुसतं मनगट, मग कोपराला टेकू, मग खांद्यावर हात. शेवटी तोही काढायचा. तक्त्यात तीन रकाने असत: शारीरिक मदतीने, तोंडी सूचनेने, स्वतंत्रपणे. तिसऱ्या रकान्यात बरोबरची खूण पडली की मूल शिकलं.

आम्ही मनगटावर दोन महिने होतो. कोपरावर तीन. खिचडी माझ्या ओढणीवर, तिच्या केसांत, फरशीवर. संक्रांतीनंतर कधीतरी मी खांद्यापर्यंत आले, आणि मार्चमध्ये नुसत्या एका बोटावर. उजव्या खांद्याला मागून बोट टेकवलं की ती घास उचलायची, तोंडात घालायची, चावायची, आणि पुन्हा थांबायची. पुन्हा बोट, पुन्हा घास. मला इतका आनंद झाला होता की मी मैत्रिणींना कॅन्टीनमध्ये समोसे खाऊ घातले.

ते एक बोट मात्र निघेना. काढलं की मुलगी पंख्याकडे बघत बसायची. खिचडी गार व्हायची. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी चिडायचे. ऊन तापायला लागलं होतं, परीक्षा पंधरा दिवसांवर आली होती आणि माझा तिसरा रकाना कोरा होता.

आमच्या मार्गदर्शक मॅडम कडक होत्या. त्यांनी फाइल चाळली आणि विचारलं, "हात काढला का?"

"हो मॅडम," मी म्हटलं.

हे खोटं होतं का? हात तर मी काढलाच होता. एका बोटाला मदत काय म्हणायचं, असं मी स्वतःला समजावलं आणि तिसऱ्या रकान्यात हिरव्या स्केचपेनने खूण केली. सुबक, जरा मोठीच. परीक्षेच्या दिवशी मी नेहमीसारखी तिच्या मागे बसले. ओढणी मुद्दाम सैल सोडली होती, हात तिच्याखाली होता. परीक्षकांनी दहा मिनिटं पाहिलं, "उत्तम" म्हणाले आणि पोहे खायला गेले.

तिच्या आईलाही मी तसंच दाखवलं. ती समोर बसली होती. मुलीने स्वतःच्या हाताने सात-आठ घास खाल्ले, आणि बाई पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग तिने विचारलं, "मॅडम, मंग घरी काहून नाही खात? मी ताट ठेवतो तं निस्ती पाहत राह्यते."

तेव्हा सांगता आलं असतं. फार सोपं होतं. त्याऐवजी मी पुस्तकातलं बोलले, आणि तेही दरडावून. "तुम्ही लाडावून ठेवली आहे तिला. भरवणं बंद करा. भूक लागली की खाईल."

"खरं हाय मॅडम," ती म्हणाली. "माहीच चुकी हाय."

शाळेने पत्र दिलं. माझ्या तक्त्यावरूनच ते लिहिलं होतं: स्वतंत्रपणे जेवते. मे महिन्यात आईने मुलीला अकोल्याला सोडलं. ऑपरेशनच्या आधी तिला रक्त भरायचं होतं, गोळ्या घ्यायच्या होत्या, म्हणून तारीख पंधरा दिवसांनंतरची मिळाली होती. नवव्या दिवशी तिचा फोन आला. "मॅडम, पोरगी जेवून नाही राह्यली म्हन्ते. तुमी येता का संगं? तुमचं आयकते ते."

अकोल्याचं मे महिन्यातलं ऊन अंगावर घेत आम्ही दोघी स्टँडवरून चालत गेलो. ती दर दोन झाडांनंतर थांबत होती. फोन ठेवल्या क्षणीच मला सगळं कळलं होतं.

मुलगी भिंतीला टेकून बसली होती. गळ्याची हाडं वर आली होती. फ्रॉक खांद्यावरून घसरत होता. आईला पाहून ती हसली नाही, रडली नाही, नुसती बघत राहिली. तिथल्या मावशी ठसठशीत, मोठ्या आवाजाच्या होत्या. त्यांनी आधी आईलाच झापलं.

"ताट ठेवतो, पंखा पाहत बसते. कागदावर तं लिवून हाय का आपल्या हातानं जेवते. मले वाटलं हट्ट करून राह्यली. भूक लागन तं खाईन म्हनून उचलून ठेवलं. दोन-चार रोजानं भरवाले गेली तं तोंडच फिरवते. दुधावर हाय."

भूक लागेल तर खाईल. माझंच वाक्य होतं ते, दुसऱ्या तोंडून आलेलं.

मी ताट मागितलं. वरण-भात कालवला आणि मुलीच्या मागे जाऊन बसले. तिच्या खांद्याला बोट लावलं. तिने लगेच घास उचलला. तोंडात घातला, चावला, थांबली. मी पुन्हा बोट लावलं. आई आणि मावशी दोघीही समोर उभ्या होत्या, आणि या वेळी मी ओढणी खोचून घेतली होती. तिने सगळा भात संपवला. मी आणखी वाढायला सांगितलं, तोही संपवला. माझे डोळे भरून आले होते, पण रडायचा हक्क मला नव्हता हे कळत होतं.

मावशी म्हणाल्या, "एवढंच होतं? एक बोट? बाप्पा, मंग सांगाचं नं! मी काय बोट नसतं ठेवलं काय पोरीच्या खांद्यावर?"

त्यांनी ठेवलं असतं. तेवढी एक ओळ कागदावर असती, तर मुलगी नऊ दिवस उपाशी राहिली नसती. पत्रही बहुतेक चाललं असतं.

मी आईला सगळं सांगितलं. परीक्षा, रकाना, ओढणी. ती ऐकत होती की नाही, ठाऊक नाही. ती मुलीचे कपडे पिशवीत भरत होती. मी म्हटलं, "आता मावशींना कळलंय. राहू द्या तिला. तुमची तारीख पुढच्याच आठवड्यात आहे." मावशीही म्हणाल्या, "ठेव व बाई, मी पाहतो."

"नाही," ती म्हणाली. "नऊ दिवस हिनं काय समजलं असन? मायनं टाकून देलं म्हनून. आता नाही सोडत."

"आणि ऑपरेशन?"

"पाहू."

तिने बारा वर्षांच्या मुलीला कडेवर घेतलं आणि स्टँडपर्यंत नेलं. मी दोनदा हात पुढे केला, तिने दिली नाही. मी फक्त पिशवी धरली.

एसटीत मुलगी तिच्या मांडीवर झोपली. मूर्तिजापूर गेलं. बाई खिडकीतून बाहेर बघत होती आणि मी वाट बघत होते, की आता बोलेल, शिव्या देईल, निदान विचारेल तरी. मला शिव्या हव्या होत्या. बडनेरा जवळ आलं तसं तिने माझ्याकडे वळून पाहिलं. आवाजात कसलाही टोमणा नव्हता, मी तो अजूनही शोधते आणि सापडत नाही.

"मॅडम, तुमी पास झाल्या नं?"

"हो," मी म्हटलं.

"बरं झालं," ती म्हणाली, आणि उतरायचं म्हणून मुलीला उठवायला लागली.