पिंप फिरवणारा क्लेम

क्लेमला जाऊन बराच काळ झाला, तरी अॅडलेडच्या बाजारात अजूनही एखादी म्हातारी मला थांबवते. "तू क्लेम हेफर्ननची बायको ना गं? गुरुवारी टीव्हीवर पिंप फिरवायचा तो?" मी हो म्हणते. ती हसायला लागते. तो नक्की काय बोलला होता ते तिला सांगता येत नाही, हसल्याचं मात्र आठवत असतं. मीही तोंड हसरं करते आणि बटाटे निवडायला लागते.

लग्नाआधी तो रेडिओवर मुलांच्या कार्यक्रमात आवाज काढायचा. कोंबडा, ट्रामवाला, खाष्ट शेजारीण. त्याची आई म्हणायची, "ह्याला देवानं स्वतःचा आवाज दिलाच नाही, म्हणून मेला दुसऱ्यांचे चोरतो." मग तो लगेच तिच्याच आवाजात तिला उत्तर द्यायचा आणि ती चमचा घेऊन त्याच्या मागे धावायची. त्या घरात मी सून म्हणून गेले. तिथे जेवणाआधीची प्रार्थनासुद्धा कुणाला सरळ म्हणता येत नसे.

टीव्ही आला तेव्हा मेलबर्नला मेलबर्नचे विनोदवीर होते, आमच्या शहराला आमचा क्लेम. सगळं तेव्हा थेट चालायचं, जाहिरातीसुद्धा. एकदा त्याला गादीचं कौतुक करायला सांगितलं. तो गादीवर आडवा झाला, "ही गादी..." म्हणाला आणि झोपून गेला. कुणी उठवेना. कॅमेरा तसाच त्याच्यावर. गादीवाले श्री. प्रिस्क दुसऱ्या दिवशी भांडायला आले आणि दुकानातल्या गाद्या संपल्यावर केक घेऊन परत आले.

पण लोक बघायचे ते पिंप. जाळीचं मोठं पिंप, त्यात प्रेक्षकांनी नाव घालून पाठवलेली पाकिटं. क्लेम त्यात डोकं घालून पाकिटांशी बोलायचा, "ढकलाढकली नको. बायका आधी. अरे, तू मागच्या आठवड्यातलाच ना? बस खाली!" ज्याचं पाकीट निघेल त्याला घोंगडी, नाहीतर टोस्टर. नाताळात हॅम.

मग सरकारनेही पिंप काढलं. वीस वर्षांच्या पोरांच्या जन्मतारखांच्या लाकडी गोळ्या त्यात घालायच्या, ज्याच्या तारखेची गोळी निघेल तो सैन्यात. तिथून पुढे व्हिएतनाम. त्या गुरुवारी क्लेमने पिंपावर थाप मारली आणि म्हणाला, "पोरांनो, सरकारनं आपली नक्कल केलीय! आमच्याकडे टोस्टर मिळतो, त्यांच्याकडे परदेशवारी फुकट. परतीचं तेवढं तुमचं तुम्ही बघा!"

लोक इतके हसले की कॅमेरावाल्याच्या हातून चित्र हललं. आमचा जेरार्ड पुढच्या रांगेत होता. त्याचं हसू सगळ्यांच्या वर ऐकू आलं. हेफर्नन मंडळींचं ते खास हसू, गाढवासारखं, श्वास आत ओढत.

जर्दाळू पिकले, मी जॅम ढवळत होते, तेव्हा जेरार्ड सरकारी पाकीट घेऊन मागच्या दाराने आत आला.

"आई, बाबाला सांग, टोस्टर नाही लागला."

क्लेमने घरी आल्यावर ते उभ्याउभ्याच वाचलं. "डॉक्टरची तपासणी असते," तो म्हणाला. "तुझा गुडघा दुखतो की."

"नाही दुखत."

"दुखतो रे. मी सांगतोय ना."

"बाबा, सगळ्या शहरासमोर तूच थट्टा केलीस. आता मी लंगडत बसलो तर पोरं म्हणतील, पिंपवाल्याचा पोरगा पळाला. तू कोंबडा होऊन आरवशील, मी कोंबडीसारखा लपू?" आणि तो हसला, तेच गाढवाचं हसू.

क्लेमने कागदाची घडी करून तो पाकिटात परत घातला. माझा जॅम खाली लागला. बरण्यांत तसाच भरला आणि वर्षभर तोच खाल्ला.

जेरार्ड गेला आणि परत आला. हात, पाय, डोळे, सगळं जागच्या जागी. मी चर्चमध्ये मिस्सेला गेले, गुडघे टेकले, देवाचे आभार मानले. ते आभार खरे होते. फक्त ते म्हणताना मला काही वाटलं नाही, भांडी पुसताना वाटत नाही तसं. फादर किओ म्हणाले, "वाटणं लागत नाही नोरा, म्हणणं लागतं." म्हणून मी म्हणत राहिले.

जेरार्ड सकाळी स्वयंपाकघरात खिडकीजवळ बसायचा, मग माझ्या भावाच्या, फ्रँकच्या गॅरेजात कामाला जायचा. विचारलं तर बोलायचा. हसायचा नाही. दुःखी दिसायचा असंही नाही. दुकान बंद असलं की दार जसं दिसतं, तसा त्याचा चेहरा.

क्लेमने पिंपाला हात लावायचं सोडलं. टीव्हीवाल्या साहेबांनी घरी येऊन समजावलं, "क्लेम, लोक पिंपासाठी बघतात रे."

"मग पगारही पिंपालाच द्या."

एक मुलगी पिंप फिरवू लागली. पुढे सिडनीहून, मेलबर्नहून कार्यक्रम यायला लागले आणि आमचा गुरुवार बंद झाला. तेव्हा रेडिओवाल्यांनी त्याला सकाळच्या कार्यक्रमाला बोलावलं. फ्रँक म्हणाला, "टीव्हीवरून उतरून परत रेडिओवर? क्लेम, पुढच्या वर्षी काय, चौकात उभा राहून ओरडणार?"

क्लेमने त्याच्याकडे लक्ष दिलं नाही. मला विचारलं, "नोरा, सकाळी तो तुझ्याजवळ बसतो ना? तेव्हा रेडिओ चालू असतो?"

"असतो."

"मग झालं."

तेव्हापासून रोज घरी आला की टोपी खुंटीला लावायच्या आधी तो विचारायचा, "हसला का?"

"नाही."

"पाद्री आणि पोपटाच्या गोष्टीलाही नाही?"

"टोस्टला लोणी लावत होता."

"सगळं शहर हसलं गं!"

"शहराचं मला काय सांगतोस. शहर माझ्या टेबलाशी बसत नाही."

एकदा तो म्हणाला, "नोरा, एक दिवस खोटं बोल. हो, हसला, म्हण. शनिवारी फादरपुढे कबूल कर आणि मोकळी हो."

"तुझ्या पोपटापायी मी पाप करू?"

"छोटंसं. पोपटाएवढं."

मी केलं नाही. हरवलेलं शोधून देणाऱ्या संत अँथनीला मात्र रोज सांगत होते. चष्मा, किल्ल्या, फ्रँकची बायको, सगळं त्याने शोधून दिलं होतं. हे एक त्याला मिळत नव्हतं.

क्लेम सगळे जुने आवाज काढायचा. ऐकणाऱ्यांना वाटायचं, हा म्हातारा शहराला हसवतोय. तो एका खुर्चीशी बोलत होता, हे मला ठाऊक होतं. जेरार्डला ठाऊक होतं का, ते मला कळत नव्हतं. मी खरकटं काढायचे, तो बशी पुढे करायचा.

मग रेडिओ नव्या मालकांकडे गेला. त्यांना सकाळी गाणी हवी होती. क्लेमला शेवटची तारीख दिली. आदल्या दिवशी त्याने जेवण उरकलं. मग म्हणाला, "उद्या नाही हसला, तर मग त्याला हसवायला मला जागा नाही गं."

तो शुक्रवार होता. मी इस्त्री करत होते, जेरार्ड अंडं फोडत होता. क्लेमने कोंबडा केला, ट्रामवाला केला, आईचा आवाज काढला. जेरार्डने मीठ घेतलं. शेवटी जाहिरात आली, तीच प्रिस्कची गादी. "ही गादी..." क्लेम म्हणाला आणि थांबला.

रेडिओवर गप्प बसणं म्हणजे मोठं पाप. माणूस खोकला तरी चालतो, गप्प बसलेला चालत नाही, लगेच आत माणसं धावत येतात. पण त्या दिवशी कुणी धावलं नसावं. सगळ्यांना वाटलं असणार, म्हातारा टीव्हीवरच्यासारखा झोपेचं सोंग करतोय. मला त्याचा श्वास ओळखू येतो. ते सोंग नव्हतं, झोपही नव्हती; त्याचे आवाज संपले होते.

रेडिओतून नुसती यंत्राची घरघर येत राहिली. मी इस्त्री उभी करून ठेवली.

जेरार्डने चमचा खाली ठेवला आणि रेडिओकडे बघितलं. मग उठला, जवळ गेला, बटण फिरवलं. आवाज नव्हताच, तरी पार शेवटपर्यंत वाढवला. घरघर घरभर झाली.

"बाबा?" तो रेडिओला म्हणाला.

बऱ्याच वेळाने क्लेमने घसा साफ केला आणि गादीची किंमत सांगितली. इतका मोठा आवाज की कपाटातल्या बशा वाजल्या. जेरार्डने बटण मागे फिरवलं, अंडं संपवलं आणि कामाला गेला.

क्लेम दुपारी आला. टोपी हातातच.

"हसला का?"

"नाही."

त्याने मान हलवली.

"तू थांबलास तेव्हा उठला," मी म्हणाले. "आवाज वाढवला."

"किती?"

"पूर्ण."

"काही बोलला?"

"बाबा म्हणाला."

क्लेम जेरार्डच्या खुर्चीत बसला. टोपी मांडीवर उलटी धरली, सुलटी केली, पुन्हा उलटी.

"म्हणजे ऐकत होता," तो म्हणाला. "रोज."

"ऐकत होता."

तेल तापलं होतं. शुक्रवारचे मासे मी एक एक करून आत सोडले. जेरार्डचा तुकडा झाकून बाजूला ठेवला.