मोरीकाकू

कुणाच्याही घरी गेल्या की मोरीकाकू आधी बाजूच्या बोळातून मागे जाऊन यायच्या. घरातली माणसं दार उघडून "या, या" म्हणत उभी असायची आणि काकू तिकडे सांडपाण्याच्या जाळीवर वाकून वास घेत असायच्या. मग पुढच्या दाराने आत यायच्या, पाय धुवायच्या आणि चहा घेता घेता सांगायच्या, "तुमच्या गच्चीचं पाणी मैल्याच्या पाइपात सोडलंय. ते चालत नाही." दिवाळीच्या फराळाला बोलावलं होतं, हे त्यांच्या गावीही नसायचं.

मोरीकाकू हे नाव अर्थातच आम्ही पाडलेलं. कोलकात्याच्या बेहालातल्या त्या गल्लीत मराठी घरं दोनच, एक त्यांचं आणि एक आमचं. त्यांचे यजमान एका सरकारी कंपनीत इंजिनियर होते. निवृत्तीनंतर इथेच घर घेतलं आणि वर्षाच्या आत ते गेले. मुलगा पुण्याला. काकू एकट्या राहिल्या. पंचावन्नाव्या वर्षी त्या बंगाली वाचायला शिकल्या. लोक बंगाली शिकतात ते कवितेसाठी. काकूंनी पहिल्यांदा अथपासून इतिपर्यंत वाचलं ते घरगुती मैलापाणी भुयारी गटाराला जोडण्याच्या नियमांचं पुस्तक.

आमच्या गल्लीत भुयारी गटार आलं तेव्हा पहिला अर्ज त्यांचा. नियम त्यांना तोंडपाठ होते. काम लायसन्सवाल्या प्लंबरकडूनच करायचं. जुनी सेप्टिक टँक उपसून वाळूने भरायची. पावसाचं पाणी वेगळं न्यायचं. आणि सर्वांत मुख्य, कॉर्पोरेशनचा इन्स्पेक्टर पाहून जाईपर्यंत चर उघडा ठेवायचा. सियालदहच्या गाडीने येणारा शंकरदा नावाचा प्लंबर त्यांना चळचळा कापायचा. "माशिमा, माटी फेले दिई?" तो विचारायचा. माती टाकू का, एवढाच बिचाऱ्याचा प्रश्न.

"ना. आगे देखबे, तारपोर." आधी इन्स्पेक्टर पाहील, मग माती, हे काकूंचं ठरलेलं उत्तर.

इन्स्पेक्टर चार दिवस आला नाही. चार दिवस काकू स्वतःच्या फाटकात फळी टाकून तिच्यावरून ये-जा करत राहिल्या.

त्यांचं एक वाक्य होतं. "आपल्या घरातनं गेलं म्हणजे जगातनं गेलं असं नसतं." ते त्या इतक्या वेळा म्हणायच्या की मी त्यांची नक्कल करून आईला हसवत असे. हे आता सांगायला बरं वाटत नाही, पण केलं ते केलं.

वर्षभरात सगळी गल्ली जोडली गेली. राहिलं ते आमचं घर. आणि त्याला कारण होता आमचा वास्तुपुरुष.

आम्ही घर बांधलं तेव्हा वास्तुशांतीचा मुहूर्त आणि लाद्या बसवणाऱ्यांची घाई यांत लाद्या जिंकल्या. आता ताजी फरशी कोण फोडणार? मग भवानीपूरच्या गुरुजींनी तोडगा काढला आणि वास्तुपुरुष घराबाहेर, पण कुंपणाच्या आत, आग्नेय कोपऱ्यात पुरला. तांब्याच्या डबीत छोटी प्रतिमा, पालथी. त्याच्याच बाजूला आमची सेप्टिक टँक होती, याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. आणि आता शंकरदा म्हणत होता की पाइपला उतार मिळेल तो फक्त त्याच कोपऱ्यातून. घरचं मैलापाणी गटाराला जिथे जोडतात, त्या मास्टर ट्रॅपचा खड्डा तिथेच घ्यावा लागेल.

बाबा बँकेतून मॅनेजर म्हणून निवृत्त झालेले. जन्मभर दुसऱ्यांना नियम सांगितलेला माणूस. "वास्तुपुरुष हलवायचा नाही," त्यांनी सांगून टाकलं. "आमची टँक उत्तम आहे."

काकू दर महिन्याला यायच्या. "भाऊजी, नियम सगळ्यांना एकच."

"वहिनी, देवाच्या जागी तुमचा नियम आणू नका."

"देवाचं मी काही बोलले नाही. मी उताराचं बोलतेय."

बाबा पेपर उघडायचे, काकू कप विसळून ठेवायच्या आणि जायच्या. असं दोन वर्षं चाललं. गल्लीतली मंडळी हसायची. मला वाटायचं, बाईला एकटेपणाने वेड लागलंय, दुसरं काय.

त्या वर्षी आषाढी एकादशीच्या आदल्या दिवशी गल्ली गुडघाभर भरली. सकाळी पाणी ओसरल्यावर मी साबुदाण्याच्या खिचडीचा डबा घेऊन काकूंकडे गेले. पुढचं दार लोटलेलं होतं, त्या काही ओ देईनात. इतक्या वर्षांत आम्ही त्यांच्या बाहेरच्या खोलीच्या पुढे गेलो नव्हतो. मी आत गेले.

स्वयंपाकघरात घोटाभर पाणी होतं. नुसतं पावसाचं नव्हतं, हे नाकाला लगेच कळलं. गॅस टेबलावर चढवलेला, पिठाचे डबे खुर्चीवर, आणि देव कपाटाच्या माथ्यावर वर्तमानपत्र अंथरून मांडलेले. काकू पातळ वर खोचून तसराळ्याने पाणी उपसत होत्या. मागचं दार उघडं होतं. त्या दाराला लागून आमच्या दोन घरांमधली उघडी नाली, आणि नालीच्या वरच्या टोकाला आमच्या टँकेचा पाइप. त्यातून संथ धार चालू होती.

"हे कधीपासून?" मी विचारलं.

"तुमची टँक भरून वाहायला लागल्यापासून. तीनेक पावसाळे झाले." मला भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं त्यांनी.

"मग बाबांना सांगितलं का नाहीत?"

काकू कंबर सरळ करून उभ्या राहिल्या. "सांगितलं असतं तर त्यांनी लगेच केलं असतं. माझ्यावर दया म्हणून. शेजारीण भांडली म्हणून नाही गं करायचं हे. करायचं असतं म्हणून करायचं." मग डब्याकडे पाहून म्हणाल्या, "खिचडी वर ठेव. पाण्याला टेकवू नकोस."

मला त्यांचा राग आला. इतका ताठा काय कामाचा? आणि त्याहून जास्त लाज वाटली.

घरी येऊन मी बाबांना सगळं सांगितलं. ते उठले. बोळातून मागे गेले. त्या बाजूला ते किती वर्षांनी गेले असतील कोण जाणे. परत आले आणि गुरुजींना फोन लावला. गुरुजी म्हणाले, सुपारीवर आवाहन करून प्रतिमा काढता येते, पाऊण तासाचा विधी आहे. बाबांनी दोन वर्षांत हे विचारलंच नव्हतं.

आठवड्याने शंकरदाने कुदळ घातली. काकू छत्री घेऊन खुर्चीवर बसल्या होत्या. दीड हात खाली माती काळी लागली, चिकट. टँकेची भिंत त्या बाजूने केव्हाच फुटली होती. डबी निघाली ती हिरवीगार, गळणारी. बाबांनी ती हातात घेतली. झाकण उघडलं तर आत तेच पाणी. ज्याला धक्का लागू नये म्हणून दोन वर्षं हट्ट धरला, तो आमच्याच मैल्यात पालथा पडून होता.

बाबा चराच्या कडेला बसले. टोमणा मारायला इतकी चांगली वेळ कुणाला मिळत नाही. काकू उठल्या, नळाखाली बादली लावली आणि म्हणाल्या, "आणा इकडे. चिंच आहे का घरात?" आणि पायरीवर बसून त्यांनी ती प्रतिमा चिंचेने घासून लख्ख केली.

इन्स्पेक्टर येईपर्यंत चर उघडा राहिला. आम्हीही फळीवरून गेलो-आलो. गच्चीचं पाणी रस्त्याच्या बाजूला वळवलं, टँक वाळूने भरली, नालीतला पाइप कायमचा बंद केला.

पण काकूंनी घर विकायचं ठरवलं होतं, ते आम्हाला त्यानंतर कळलं. ओलीने त्यांचा दमा वाढला होता. मुलाने गिऱ्हाईक पाहिलं होतं आणि काकूंनी त्या एकादशीच्या आधीच शब्द देऊन टाकला होता. दिलेला शब्द फिरवणाऱ्यांतल्या त्या नव्हत्या. दुर्गापूजेच्या सुट्ट्या संपल्यावर त्या पुण्याला गेल्या.

पुढच्या पावसाळ्यात गल्ली पुन्हा भरली. पाणी उतरताच बाबा चप्पल न घालता शेजारी गेले. तिथे आता एक तरुण बंगाली जोडपं राहतं. बाबांनी त्यांचं स्वयंपाकघर पाहायला मागितलं. ती मुलगी गोंधळली, पण तिने दाखवलं. परत येऊन त्यांनी पुण्याला फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"वहिनी, तुमच्या घरात पाणी नाही आलं. फरशी कोरडी आहे. मी हात लावून पाहिली."

पलीकडून त्यांचा दम्याचा श्वास ऐकू येत होता.

"दोन वर्षं आधी केलं असतंत, भाऊजी," काकू म्हणाल्या, "तर मी तिथेच राहिले असते."

"हो," बाबा म्हणाले. फोन त्यांनी ठेवला नाही, तसाच हातात धरून बसले.