सदाफुलीचा काढा

बायकोच्या, सुमतीच्या पोलक्याची बटणं लावून दिली, हे आमचं दोघांचं शेवटचं साधं काम. तिची बोटं बधिर होती. मी एक काज चुकलो, सगळी पट्टी वाकडी झाली. "फिटर म्हणे! रेल्वेनं कसं ठेवून घेतलं हो तुम्हाला?" असं म्हणून हसली. मग रिक्शानं अस्पतालात गेलो. परत मी एकटा आलो.

आजार लिम्फोमा. म्हणजे मानेतल्या, काखेतल्या गाठींचा कॅन्सर. इंजेक्शनांतलं एक विनक्रिस्टिन. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हे सदाफुलीपासून काढतात. मानेवरची गाठ बसत चालली होती. पण त्या सुईनं बोटं बधिर झाली. देवाला फुलं खुडता येईनात, म्हणून ती रडायची.

तेव्हा ब्रह्मा घाटावरचे आमचे गुरुजी मध्ये पडले. "सदाफुली दारात आहे, आणि सुया कसल्या टोचून घेता? काढा द्या."

मी तिला अस्पतालात नेणं बंद केलं. दोन महिने पानं उकळून पाजली. कडू म्हणून तिनं तोंड फिरवलं की मी डाफरायचो. गाठ परत आली, पहिल्याहून मोठी.

त्या शेवटच्या दिवशी अस्पतालात डॉक्टरीणबाईंनी कागदावर दोन आकृत्या काढल्या. "हे विनक्रिस्टिन, हे त्याचं भावंड. दोन्ही औषधं सदाफुलीचीच. रेणू, म्हणजे औषधाचा सगळ्यात बारीक कण, त्यात एका कोपऱ्याचा फरक. तेवढ्यानं भावंड रक्ताला जास्त सोसत नाही, विनक्रिस्टिन नसांना, म्हणून बोटं बधिर होतात. पानात दोन्ही नावाला, बाकी भलतंच."

बोल्टचा एक आटा वेगळा असला तर नट बसत नाही, हे मी जन्मभर हाताखालच्यांना ओरडून सांगितलं. आणि घरात?

"हे आधी का नाही सांगितलंत?" मी त्यांच्यावर ओरडलो.

"सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या. "पण बोटांचं तुम्हीही बोलला नाहीत. डोस कमी केला असता."

मी तो कागद खिशात घातला. संध्याकाळी ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी गुरुजी उंबऱ्याबाहेर उभे. दहाव्याचं बोलले, मग सदाफुलीच्या कुंडीकडे वळले. "पलीकडच्या गल्लीतल्या मास्तरीणबाईंनाही तेच निघालंय. थोडी पानं मीच खुडतो, तुम्हाला सुतक."

"हात लावू नका," मी म्हणालो, आणि चपला घातल्या.

"अहो, सुतकात कुठे निघालात?"

मास्तरीणबाईंच्या दाराबाहेरच उभा राहिलो, आत गेलो नाही. कागद दाखवला आणि म्हणालो, "बोटं बधिर झाली तर डॉक्टरला सांगा. मला नाही, गुरुजींना नाही. सुई सोडू नका."