डबल बेल

माझ्या वर्गातला रोबो डबल बेल झाल्याशिवाय जागचा हलत नाही. नवीन आलेले सर बघतात आणि हसतात. प्रोग्राममध्ये हा आवाजाचा ठोकळा कशाला, उगीच वेळ खातो, असं एकदा तोंडावर म्हणाले. मी म्हटलं, खाऊ दे. एवढ्या एका गोष्टीवर मी वाद घालत नाही आणि ऐकूनही घेत नाही.

कोल्हापुरात मी सहावी-सातवीच्या मुलांना कोडिंग शिकवते. टॅबच्या पडद्यावर रंगीत ठोकळे असतात: पुढे जा, उजवीकडे वळा, थांबा. ते बोटानं एकाखाली एक जोडायचे, की तळहाताएवढा चाकांचा रोबो त्या हुकमाप्रमाणे चालतो. त्याला चालायला भूलभुलैया लागतो, तो आम्ही गुळाच्या रिकाम्या खोक्यांचा करतो. खोकी मांडली की वर्गभर गुळाचा वास सुटतो, मागोमाग मुंग्या येतात, आणि रोबो अडकला की मुलं सगळा दोष मुंग्यांवर ढकलतात.

खरं तर चूक ठरलेली असते. रोबो समोरून येत असला, की मुलं स्वतःचा उजवा हात बघून ‘उजवीकडे वळा’ लावतात, आणि तो थेट खोक्यावर जाऊन आपटतो. "अरे, तुझा उजवा नव्हे, त्याचा उजवा! त्याच्या जागी बसून बघा," असं मी ओरडत असते. सोमवारी ओरडलेलं मंगळवारी पुन्हा ओरडावं लागतं.

अप्पा, म्हणजे माझे वडील, एसटीत ड्रायव्हर होते. सगळी नोकरी गडहिंग्लज-कोल्हापूर रस्त्यावर गेली. आई गेल्यावर मी त्यांना गडहिंग्लजहून माझ्याकडे आणलं, तेव्हा त्यांचं विसरणं सुरू झालं होतं. आधी माणसांची नावं गेली, मग वार गेले, मग घरातल्या वाटा जायला लागल्या. धुक्यात नुसत्या अंदाजानं गाडी वळवणारा माणूस माझ्या दोन खोल्यांत हरवायचा, दार समोर असून भिंत चाचपायचा. मला रडू यायचं आणि त्याच दमात चीडही यायची. कुणावर चिडायचं तेच कळायचं नाही.

दिवसा शेजारच्या चाची त्यांच्याजवळ बसत. शिलाईचं मशीनच त्यांनी आमच्या खोलीत आणून ठेवलं होतं. एकदा त्यांच्या घरी लग्न निघालं, म्हणून मी अप्पांना शाळेत घेऊन गेले आणि मागच्या बाकावर बसवलं. एका मुलीनं ठोकळे जोडले, बटण दाबलं, रोबो सुटला आणि खोक्यावर धडकला.

"ए पोरी," अप्पा मागून गरजले, "बेल झाल्याबिगर गाडी हलिवलीस व्हय? कंडक्टर कुटं हाय तुजा?"

वर्ग खो खो हसला. मी डोळे वटारले. ती मुलगी मात्र हसली नाही. मागं जाऊन तिनं विचारलं, "कशी असती बेल, आजोबा?"

"दोन मारल्या की निघायचं. एक मारली की हुबं ऱ्हायचं. मग मागनं कलेक्टर बोंबलू दे."

"मग लावतो की," ती म्हणाली. आमच्याकडच्या मुली अशाच बोलतात. तिनं आवाजाचा ठोकळा शोधला. निघायच्या आधी दोनदा टण, थांबायच्या आधी एकदा. तेवढ्यात वळणंही दुरुस्त केली. रोबोनं दोन टोले दिले, निघाला, वळला, वळला, एक टोला दिला आणि उभा राहिला. अप्पांनी मांडीवर थाप मारली. "आत्ता कशी निगाली!" त्या दिवसानंतर एकाही मुलानं बेलशिवाय रोबो सोडला नाही.

घरी मात्र दिवस वाईट येत होते. एका दुपारी अप्पांना संडास सापडला नाही. स्वयंपाकघरातच पायजमा ओला झाला. मी शाळेतून आले, तेव्हा भिंतीकडे तोंड करून ते रडत होते. "ह्ये काय झालं माज्याकडनं," एवढंच पुन्हा पुन्हा. चाची फरशी पुसत होत्या. डॉक्टर म्हणाले, डायपर लावा. अप्पांनी आपल्या पायांनी जावं आणि दार आतून लावून घ्यावं, एवढंच मला हवं होतं. बाकीचं सगळं गेलं तरी चालेल, मला विसरले तरी चालेल, असं मी देवापुढं बोलूनही बसले.

मग घरात मी तेच केलं, जे वर्गात करते. लाल चिकटपट्टीचे बाण कापले आणि पलंगापासून संडासापर्यंत फरशीवर चिकटवले. सरळ, डावीकडे, पुन्हा सरळ. अप्पांच्या जागी बसून बघितलं, त्यांचाच डावा धरला. चूक काही नव्हती. अप्पा पलंगाशी उभे राहिले, बाणाकडे बघितलं आणि उभेच राहिले.

"चला की अप्पा."

घाई तर त्यांनाही झाली होती, पाय चुळबुळत होते. मग त्यांनी मान जरा मागं वळवली, कान दिल्यासारखी, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ओट्यावरचं फुलपात्र घेतलं आणि चमच्यानं दोनदा वाजवलं. टण टण. अप्पा निघाले. कोपऱ्यावर तोंडानं हॉर्न दिला, वळले, संडासाच्या दाराशी मी एक टोला दिला तसे थांबले. आत गेले. आतून कडी लागल्याचा आवाज आला, तेव्हा मी पॅसेजमध्ये खाली बसून रडले. एवढा आनंद मला माझ्या नोकरीची ऑर्डर आल्यावरही झाला नव्हता.

त्यानंतर बरेच महिने चांगले गेले. चाचीही शिकल्या, मशीनच्या खणात त्यांनी दुसरा चमचाच ठेवून दिला. अप्पा मला आता कंडक्टर म्हणायला लागले होते. सुरुवातीला मला गंमत वाटायची.

एका संध्याकाळी मी दोन टोले दिले, तरी ते निघाले नाहीत.

"जरा दम धर, कंडक्टर," ते म्हणाले. "माजी पोर यायची हाय. कालेज सुटलं असंल तिचं."

कॉलेजला मी त्यांच्याच गाडीनं जायचे. मी चढले का हे आरशात बघितल्याशिवाय ते गाडी सोडत नसत, आणि मैत्रिणींदेखत मला त्याची लाज वाटायची. आता मी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर चमचा घेऊन उभी होते.

"आली," मी म्हटलं. "बसली मागं."

"खिडकीला बसलीया न्हवं?"

"व्हय."

अप्पांनी मान वर केली आणि नसलेल्या आरशात बघितलं. चेहरा निवला. "मग दे डबल," ते म्हणाले. मी दिली. मला विसरले तरी चालेल, हे देवानं नेमकं ऐकलं होतं.

पावसाळा सरता सरता अप्पांनी अंथरूण धरलं. बाण फरशीवर तसेच राहिले. पुसताना चाची त्यांच्या कडेकडेनं पुसत. डॉक्टर घरी येऊन बघून गेले, आता दवाखान्यात हलवू नका म्हणाले. रविवारची दुपार होती. अप्पांचा एक श्वास यायचा आणि पुढचा येईपर्यंत आमचाही अडकायचा. चाचींनी मशीन बंद केलं होतं. मी हाका मारल्या. अप्पा म्हटलं, अप्पा बघा की, मी आले म्हटलं. कशालाच ओ नाही. मग मी उठून फुलपात्र आणि चमचा आणला.

एक टोला दिला. थांबा.

आणि श्वास आला, चांगला खोल. पापणी हलली. ऐकलं त्यांनी, मी चाचींना ओरडून सांगितलं, बघा, अजून ऐकतात. मी वाट बघत बसले. पुढचा श्वास येईना. छाती तशीच. मला काही सुचेना, आणि त्यांनी थांबावं म्हणून मी घाईघाईनं आणखी एक टोला दिला.

चमचा हातात असतानाच ध्यानात आलं. दोन झाल्या होत्या.

चाचींनी फुलपात्र माझ्या हातातून काढून घेतलं. दोन झाल्यावर गाडी उभी करून ठेवणाऱ्यांतले अप्पा नव्हते.