पदूआप्पांचा ओटा

पोशीरमध्ये कुणाच्याही भातावर रोग पडला की रोगट पान पदूआप्पांच्या ओट्यावर यायचं. आप्पा ते चुरगळून हुंगायचे, मगच तोंड उघडायचे. खोपोलीच्या एका स्टार्टअपची पोरं दोन पावसाळे त्या ओट्यावर बसली, आप्पांचा शब्दन् शब्द टिपला आणि त्याचं ॲप केलं. भोळ्या आप्पांनीच ते घरोघरी सांगितलं, "घ्या रं, फुकट हाय." तेव्हापासून ओटा ओस पडला.

यंदा त्यांच्याच शेतात पानं कडेनं वाळली. आप्पांनी एक हुंगलं.

"कडा करपा हाय, योगेंद्र. पाणी काढ, युरिया थांबव."

लेकानं पानावर मोबाईल धरला होता. "थांबा जरा आप्पा, त्याला बोलू द्या."

मोबाईल तेच बोलला. तेव्हा कुठं योगेंद्र बांध फोडायला उठला.